वेठ, सावड आणि दाम



या व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही त्यांना प्रथम एवढेच विचारले की, विषय आम्हाला झेपेल असा आहे ना? कारण विषय असा होता : कोणाच्या नोकरीत नसताना, एकट्याच्या बळावर मोबाईलची ॲप तयार करणाऱ्या माणसाने त्यांचे पैसे घ्यावेत, की ती लोकांना फुकट द्यावीत? आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते वीटभट्टीवर, रोजगार हमीच्या बांधावर आणि युनियनच्या कचेरीतल्या जुन्या पुस्तकांत. संगणकाचे शास्त्र आम्हाला येत नाही. परंतु विषयावर दोन रात्री विचार केल्यावर ध्यानात आले की, हा प्रश्न संगणकाचा कमी आणि मजुरीचा अधिक आहे. आणि मजुरीच्या प्रश्नात आमची तीस वर्षे गेली आहेत. तेव्हा बोलावयास हरकत नाही असे ठरवून आम्ही आलो.

आज आपण येथे तिकीट काढून आलेला नाहीत. म्हणून हे व्याख्यान फुकट आहे काय? मांडव कोणीतरी घातला, खुर्च्या कोणीतरी वाहिल्या, विजेचे बिल कोणीतरी भरणार आहे. गावातल्या दुकानदारांनी, शिक्षकांनी वर्गणी दिली म्हणून आपण येथे सुखाने बसलो आहोत. ज्या वस्तूचे पैसे आपण देत नाही, तिचे पैसे दुसरे कोणी देत असते. तो दुसरा कोण, आणि तो राजीखुषीने देतो की नाइलाजाने, एवढेच पाहावयाचे असते. आजच्या विषयाचे सारे मर्म आम्हाला येथेच दिसते.

आपल्या या डोंगरपट्टीत फुकटच्या श्रमांना दोन जुने शब्द आहेत. त्यांपैकी एक 'वेठ'. जमीनदाराच्या शेतावर, सावकाराच्या घरी, जंगल ठेकेदाराच्या कामावर माणसाने राबावयाचे आणि मोबदला मागावयाचा नाही, ही ती वेठ. १९४५ च्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातील झरी या गावी वारल्यांची मोठी परिषद भरली.  शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढारपणाखाली तेथे ठरले की, यापुढे वेठ करावयाची नाही आणि दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या जमिनीवर राबावयाचे नाही. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार झाला आणि पाच माणसे प्राणास मुकली. गोदावरीबाईंनी पुढे १९७० साली 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती सारी हकीकत लिहून ठेवली. बारा आणे ही रक्कम आज क्षुल्लक वाटेल. परंतु त्या बारा आण्यांत एक गोष्ट प्रथमच कबूल झाली होती. राबणाऱ्याला आपल्या श्रमाची किंमत सांगता येते, आणि ती न मिळाल्यास 'नाही' म्हणता येते, ही ती गोष्ट.

दुसरा शब्द 'सावड'. लावणीच्या वेळी आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. येथेही पैसे कोणी देत नाही. पण सावडीतून कोणी दुबळा होत नाही, कारण घेतलेला दिवस परत करावयाचा असतो. वेठ आणि सावड दोन्ही बिनपैशाच्या. पण एकीने माणूस मोडला आणि दुसरीने गाव उभे राहिले. म्हणून 'फुकट' हा एकच शब्द घेऊन या प्रश्नाचा निकाल लागणार नाही. फुकट असेल तर ती वेठ आहे की सावड, हे आधी विचारले पाहिजे.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती आमच्या मोठेपणाची नाही.

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा मुलगा आश्रमशाळेत शिकला, पुढे नाशिकला जाऊन संगणकाचे शिक्षण घेऊन आला. २०२० च्या टाळेबंदीत त्याचे काम गेले आणि तो घरी परतला. आमच्याकडे वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचे हिशेबाचे रडगाणे त्याने लहानपणापासून ऐकले होते. दिवाळीच्या सुमारास उचल घ्यावयाची, भट्टीवर जावयाचे, आठवड्याला खर्ची मिळावयाची, आणि पावसाच्या तोंडावर मालकाच्या वहीत जो आकडा निघेल तो खरा मानून परतावयाचे, हा परिपाठ. त्या मुलाने एक ॲप तयार केले. त्यात रोज किती विटा पाडल्या ते भरावयाचे, उचल आणि खर्ची भरावयाची, म्हणजे शिल्लक आपोआप निघे. फोनला रेंज नसली तरी ते चाले. वाचता न येणाऱ्यासाठी ते आकडा मोठ्याने बोलून दाखवी. ते प्रथम ऐकून एक म्हातारी हसली आणि म्हणाली, "माझा हिशेब मला पहिल्यांदाच कोणी वाचून दाखवला."

आम्ही काय केले? मेळावा घेतला, त्या मुलाला शाल आणि नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. पुढल्या वर्षी तो कचेरीत आला आणि खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, फोन दर वर्षी बदलतात, तसे ॲपही बदलावे लागते. माझ्याकडचा संगणक जुना झाला. काही सोय झाली तर बरे." आम्ही म्हणालो, "अरे, हे समाजाचे काम आहे. समाजाच्या कामाचे पैसे मागतात का?" तो काही बोलला नाही. हे वाक्य उच्चारताना आम्हाला अभिमान वाटला होता, हे आज सांगताना लाज वाटते.

तो पुन्हा नाशिकला कारखान्यात लागला. दिवसपाळी, रात्रपाळी. ॲप तसेच पडले. २०२४ च्या हंगामात अनेकांनी नवे फोन घेतले आणि त्यांवर ते उघडेना. ऐन हिशेबाच्या वेळी अकरा कुटुंबांपाशी दाखवावयास काही उरले नाही. मालकाची वही खरी ठरली आणि पुढल्या वर्षाची उचल त्यांच्या डोक्यावर बसली. आम्ही मालकाशी भांडलो. पण घरी परतताना मनात आले की, येथे एक वेठ मालकाने घेतली आणि दुसरी आम्ही. वेठीविरुद्ध लढण्यासाठी आम्ही एका मुलाला वेठीला धरले होते. गरज सरो, वैद्य मरो, असे आम्ही वागलो. येथे तर गरज सरण्याच्या आधीच वैद्य निघून गेला.

आता कोणी म्हणेल, एकदा केलेली वस्तू हजारदा उतरवून घेता येते, तिला नवा खर्च लागत नाही, मग दाम कशाचा? ही शंका जुनी आहे. १९७६ साली बिल गेट्स या तरुणाने संगणकाच्या हौशी मंडळींना उघड पत्र लिहून तक्रार केली होती की, यंत्राचे पैसे तुम्ही देता, मग त्यावर चालणारा आमचा प्रोग्रॅम मात्र नक्कल करून का घेता? तो गृहस्थ पुढे जगातला मोठा धनाढ्य झाला, म्हणून त्याची बाजू घेण्याची आम्हाला हौस नाही. पण तेव्हाचा प्रश्न रास्त होता. नक्कल फुकट निघते, अस्सल फुकट निघत नाही. आणि अस्सल एकदा करून भागत नाही. विहीर एकदा खणली म्हणून तिचा गाळ काढावा लागत नाही काय? आयफोनच्या दुकानात ॲप ठेवावयाचे तर दर वर्षी ९९ डॉलर भरावे लागतात; गूगलच्या दुकानात एकदा २५ डॉलर. शिवाय फोन नवे होतात तसे ॲपही नवे करीत राहावे लागते. हा गाळ उपसणारा माणूस काय खाऊन राहील, हे त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्याने विचारावयाचे नाही तर कोणी?

दुसरी शंका अधिक वजनदार आहे. जगात असे पुष्कळ विद्वान कारागीर आहेत की जे आपले प्रोग्रॅम उघडे ठेवतात. कोणीही वाचावे, बदलावे, पुढे द्यावे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ही चळवळ पुकारली. फिनलंडच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा पाया घातला. आज जगाचे केवढे तरी व्यवहार त्यावर चालतात. मग दाम मागणारा त्यांच्यापुढे लहान ठरत नाही काय? आमच्या मते, नाही. स्टॉलमन स्वतःच सांगतात की, ही मुक्ततेची गोष्ट आहे, फुकटेपणाची नव्हे; मुक्त प्रोग्रॅम विकावयासही हरकत नाही. आमच्या भाषेत ही सावड आहे. पण सावडीत गावचा बडा शेतकरी शिरला, त्याने सगळ्यांकडून आपली लावणी करून घेतली आणि स्वतःचा एकही गडी कोणाकडे पाठवला नाही, तर त्या सावडीचे काय होईल? अगदी हेच घडले. ओपन-एसएसएल नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम आहे. इंटरनेटवरच्या बँकांचे, दुकानांचे कुलूप म्हणून तो जगभर वापरला जाई. २०१४ साली त्यात मोठी भेग सापडली. तेव्हा लोकांना कळले की, त्या कामाला वर्षाला देणग्या मिळत त्या सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्ण वेळ राबणारा माणूस जवळजवळ एकच. बड्या कंपन्यांनी त्यानंतर पैसे काढले. म्हणजे सावड म्हणून सुरू झालेले काम घेणाऱ्यांच्या आळसाने वेठ होऊन बसते. म्हणून सावड करावयाची त्याने अवश्य करावी. पण बरोबरीच्यांशी करावी, आणि परतीचा दिवस ठरवून करावी.

तिसरी वाट जाहिरातीची. मुंबईच्या लोकलने जाणाऱ्यांना एम-इंडिकेटर ठाऊक असेल. सचिन टेके यांनी २०१० साली ते काढले. गाड्यांचे वेळापत्रक प्रवाशाला पैसे न देता मिळते आणि खर्च जाहिरातींतून निघतो. यात आम्हाला काही गैर दिसत नाही. परंतु ही वाट गर्दीची आहे. जाहिरातीचे पैसे डोकी मोजून मिळतात. मुंबईच्या फलाटावर डोकी लाखांनी आहेत. मोखाड्याच्या भट्टी-मजुरांच्या ॲपवर ती शेकड्यांनी असणार. आणि समजा जाहिरात मिळालीच, तर उचलीत बुडालेल्या माणसाला कोणती जाहिरात दिसेल? पाच मिनिटांत कर्ज देतो म्हणणाऱ्याची! अशा फोनवरच्या कर्जांतून इतके गैरप्रकार झाले की, २०२२ साली रिझर्व्ह बँकेला नियम घालून द्यावे लागले. ज्या ॲपने सावकाराचा हिशेब उघडा करावयाचा, त्याच ॲपने नवा सावकार दाराशी आणून सोडावयाचा, हा कसला न्याय?

चौथी शंका आम्हाला सर्वांत जवळची. दाम लावला तर गरिबाने काय करावे? येथे एक भ्रम दूर करू. फुकट ॲप म्हणजे गरिबाला फुकट, असे नसते. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या बहुतेक सामुदायिक कामांवर सरकारी ॲपवरून दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी सक्तीची झाली. त्या ॲपला एक पैसा पडत नव्हता. पण फोन, त्याचे रिचार्ज आणि रेंज शोधत टेकडी चढण्याचा वेळ कोणाचा? मुकादमाचा. आणि छायाचित्र चढले नाही तर दिवस बुडे कोणाचा? मजुराचा. त्याआधी २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले. इंग्रजीत माहिती मागणारे पोषणाचे ॲप त्यांच्या गळ्यात मारले होते, हीही त्यांची तक्रार होती. तेही ॲप फुकटच होते! आयजीच्या जिवावर बायजी उदार, ती ही तऱ्हा.

तेव्हा दाम असावा की नसावा, यापेक्षा तो कोणावर बसवावा, हा खरा प्रश्न. आणि याचे उत्तर आमच्या युनियनच्या वर्गणीत आहे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली तेव्हा किमान वर्गणी अशी ठरली : ग्रामीण मजुराला वर्षाला एक रुपया, इतर असंघटितांना तीन रुपये, बाकी कामगारांना बारा रुपये. पाहा, तीन दर. पण शून्य कोणालाही नाही. आमच्या अनुभवात ज्याने एक रुपया भरला आहे तो सभेत उठून विचारतो, "आमच्या पैशाचे काय केले?" ज्याने काहीच भरलेले नाही तो मागच्या बाकावर गप्प बसतो. वर्गणी हा नुसता खर्चाचा भाग नव्हे, तो जाब विचारण्याचा हक्क आहे. ॲपचेही तसेच. दाम देणारा कारागिराला म्हणू शकतो, "हे चालत नाही, दुरुस्त कर." फुकट घेणारा कोणत्या तोंडाने म्हणेल?

आणि दाम घेतल्याने माणूस लोकांपासून तुटतो असेही नाही. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करू लागले. त्यांचे धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकले. १९९० नंतरच्या दशकात या भावांनी संगणकाच्या व्हायरसवर क्विक हील हे औषध काढले आणि ते उघडपणे किंमत लावून विकले. विकले म्हणून ते टिकले. टिकले म्हणून नव्या व्हायरसवर नवे औषध देता आले. २०१६ साली त्यांच्या कंपनीचे शेअर बाजारात आले. दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा तेथवर पोहोचला तो लोकांनी दाम दिला म्हणून.

घरचे उदाहरण हवे तर वारली चित्रांचे घ्या. लग्नाचा चौक आपल्या बायांनी भिंतीवर काढला तो कधी विकावयास काढला नव्हता. ती पाड्यातली सावड होती. पण १९७० नंतर ही चित्रे शहरात गेली, डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि साड्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर त्या आकृत्या दिसू लागल्या. काढणाऱ्याला मात्र त्यातले काही मिळेना. म्हणून २०१४ साली त्या कलेची भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंद करावी लागली. पाड्यात सावड, बाजारात दाम. आमच्या आयाबायांना जे न शिकता कळत होते, ते आमच्या युनियनला अकरा कुटुंबे बुडाल्यावर कळले.

आता येथे बसलेल्या तरुण मुलामुलींना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली, दाम आधी सांगा. शाल-नारळ घेऊन मग मनात कुढत बसू नका. दुसरी, दाम एकरकमी सांगू नका. दर वर्षाच्या देखभालीचा सांगा, कारण तुमचे काम दर वर्षाचे आहे. तिसरी, दुकानदाराचा हिस्सा आधी वजा करा. ॲपल आणि गूगल आपल्या दुकानातल्या विक्रीवर ३० टक्के घेत आले. २०२१ पासून लहान कारागिरांसाठी त्यांनी ते १५ टक्क्यांवर आणले, तेही आरडाओरडा झाल्यावर. एकेकट्याने ही लढाई होत नाही, म्हणून आपसांत संघटना करा. एवढे बोलण्याचा मोह युनियनवाल्याला आवरत नाही, क्षमा असावी. चौथी गोष्ट, ज्याला ते वापरल्यावाचून गत्यंतर नाही त्याच्या खिशात हात घालू नका. त्याच्यामुळे ज्याचा फायदा होतो त्याच्याकडून घ्या. जेथे मजुराने वापरावे असे तुम्हाला वाटते, तेथे संस्थेने, ग्रामपंचायतीने, युनियनने, मालकाने भरावे.

आणि ज्याला काही वाटून टाकावेसे वाटते त्याने खुशाल वाटावे. देणगीसारखी सुंदर गोष्ट नाही. पण ज्याला दाम मागण्याची मुभा आहे त्याचीच देणगी ही देणगी. ज्याला मागताच येत नाही, त्याने दिलेल्या वस्तूला दुसरे नाव आहे, ते आम्ही वर सांगितलेच.

आमच्या गोष्टीचा शेवट राहिला. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी आम्ही नाशिकला गेलो. त्या मुलाच्या खोलीवर बसून आम्ही सांगितले, "आमचे चुकले. तू दाम सांग." तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने आकडा सांगितला. तो आम्ही धरून चाललो होतो त्याहून कमी होता. आम्ही म्हणालो, "अरे, नीट हिशेब कर. तुझ्याच ॲपात भर." तेव्हा तो हसला आणि त्याने खरोखरच तास मांडून हिशेब केला. आकडा वाढला. सभेत आम्ही तो ठेवला. एक बाई उठून म्हणाल्या, "आमच्या हिशेबाला तो पैसे देत नाही म्हणून आपण मालकाला शिव्या देतो. मग याच्या हिशेबाला आपण देऊ नये?" ठराव झाला. सभासदाकडून वर्षाला दहा रुपये, उरलेले युनियनच्या फंडातून. दिवाळीनंतर कुटुंबे भट्टीवर गेली तेव्हा ॲप नव्या फोनांवर चालत होते.

या हंगामाचा हिशेब अजून व्हावयाचा आहे. पावसाच्या तोंडावर तो होईल, आणि त्या वेळी मालकाच्या वहीसमोर मजुराचाही आकडा ठेवलेला असेल. दोन्ही आकडे जुळतील की भांडण होईल, हे आज सांगता येत नाही. पण भांडावयास या वेळी आमच्या हातात काही असेल, आणि ते आम्ही कोणाच्या वेठीवर मिळवलेले नसेल.